परतीचं वाढप

मल्लेश्वरमच्या त्या मराठी मुलींच्या वसतिगृहात श्यामलाक्कांशिवाय पान हलत नसे. गेटला अडसर कधी लावायचा, सांबारात गूळ किती घालायचा, कुणाच्या सर्दीला काढा द्यायचा आणि कुणाच्या सर्दीला नुसता दम, हे सगळं त्याच ठरवायच्या. वॉर्डन म्हणून त्यांचं निम्मं आयुष्य त्या इमारतीत गेलं होतं आणि लग्नाचा विषय त्यांनी केव्हाच बाजूला ठेवून दिला होता. मुली तर होत्याच की, आणि दरवर्षी नव्या येत होत्या. त्यांतली कुणी डॉक्टर झाली, कुणी न्यायाधीश झाली, की श्यामलाक्का भाजीवाल्यालाही ती बातमी ऐकवल्याशिवाय कोथिंबीर घेत नसत. अभिमान लपवावा असं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

पण सगळ्यात मोठा अभिमान होता तो पहिल्या पंगतीचा. कॉलेजं सुरू होण्याआधीच्या रविवारी नव्या मुलींना आणि त्यांना सोडायला आलेल्या आईबापांना केळीच्या पानावर जेवायला बसवायचं. वाढायचं जुन्या मुलींनी. आणि जी जो पदार्थ वाढेल, तिनं त्याबरोबर कॉलेजात टिकण्याचा एक सल्ला द्यायचा. सल्ला स्वतःच्या अनुभवातला हवा, पुस्तकातला किंवा फोनवर फिरत आलेला नको. वॉर्डननं तो आधी ऐकायचा नाही, तपासायचा तर मुळीच नाही. हा नियम घालून दिला होता सकवारबाईंनी, म्हणजे वसतिगृहाच्या पहिल्या वॉर्डननं. तपासून दिलेला सल्ला आजाऱ्याच्या पेजेसारखा होतो, पोट भरतं पण चव लागत नाही, असं त्या म्हणायच्या म्हणे.

शेवटी मात्र सगळं उलटं व्हायचं. पोळी झाली की जुन्या मुली समोरच्या रांगेत बसायच्या, नव्या मुली उठून सगळ्यांना मठ्ठा वाढायच्या, आणि वाढताना प्रत्येकीनं सांगायचं की आज ऐकलेल्यातला कुठला सल्ला मी पाळीन आणि कुठला पाळणार नाही. याला परतीचं वाढप म्हणत. ज्याला नाही म्हणता येत नाही तो सल्ला कसला, तो तर हुकूम, असं सकवारबाईंचं मत होतं. श्यामलाक्का हे मत प्रत्येक पाहुण्याला सांगायच्या. स्वतः मात्र वर्षभर हुकूमच सोडायच्या, ते वेगळं.

आता या वर्षीची गोष्ट.

हे वसतिगृह बांधलं होतं ते इथल्या जुन्या मराठी घराण्यांनी. शहाजीराजांच्या काळात जी माणसं इकडे आली आणि इथलीच झाली, त्यांच्या मुली मालूर, होसकोटे अशा गावांतून शिकायला याव्यात म्हणून. पण त्या मुली काही फारशा आल्या नाहीत. कुणाचं लग्न ठरलं, कुणाला गावाजवळच्या कॉलेजात घातलं, आणि खोल्या भरत गेल्या त्या पुण्याच्या, नागपूरच्या, मुंबईच्या मुलींनी. श्यामलाक्कांचा त्यांच्यावरही जीव होता. तरी दरवर्षी विश्वस्तांच्या बैठकीत त्यांच्यातले भीमाचार्य चष्मा पुसत विचारायचे, "आपल्यातल्या किती, श्यामला?" आणि मग श्यामलाक्कांना पदराचं टोक बघत बसावं लागायचं.

या वर्षी मात्र एक होती. हर्षिता. मालूरच्या पलीकडच्या गावची, बारावीला तालुक्यात पहिली आलेली. तिच्या वडिलांचा, हणमंतरावांचा, टोमॅटो वाहून नेण्याचा टेंपो होता. श्यामलाक्का तिच्यासाठी त्या गावाला हेलपाटे घालून आल्या होत्या. घरच्यांच्या हातची नाचणीची मुद्दी, म्हणजे उकडीचा गोळा, त्यांनी कौतुक करत खाल्ली, पुढच्या ओटीवर बसून आपल्या डॉक्टर आणि न्यायाधीश मुलींची नावं घेतली, आणि शेवटी हणमंतराव म्हणाले होते की येतो, बघतो, मग ठरवतो. जागा पटली नाही तर मुलगी आल्या पावली परत येईल आणि गावाजवळच्या कॉलेजात जाईल. त्या कॉलेजात संख्याशास्त्र नव्हतं, आणि हर्षिताला तेच शिकायचं होतं.

रविवारी सकाळी टेंपो फाटकापासून जरा लांब, कडुलिंबाखाली येऊन उभा राहिला. टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटांच्या बाजूला, ताडपत्रीखाली, हर्षिताची नवी कोरी लोखंडी ट्रंक होती. श्यामलाक्कांनी ती उतरवायला माणूस बोलावला, तेव्हा हणमंतरावांनी हात वर केला.

"असू दे अक्का. ऊट, जेवण होऊ दे आदी. मग बगू."

ट्रंक ताडपत्रीखालीच राहिली आणि श्यामलाक्कांनी बोलावलेल्या माणसाला परत पाठवलं.

हणमंतराव उंच, सावळे, पांढऱ्या धोतरात आलेले गृहस्थ होते. त्यांनी अख्खं वसतिगृह पाहिलं. दारांच्या कड्या ओढून पाहिल्या, पाण्याच्या टाकीचं झाकण उचलून पाहिलं, राखणदार कुठं बसतो आणि तिथून काय काय दिसतं तेही पाहिलं. श्यामलाक्कांनी तळमजल्यावरची, स्वतःच्या खोलीला लागून असलेली खोली हर्षितासाठी राखून ठेवली होती. ती पाहून त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची होती की नुसतीच, हे काही कळलं नाही. हर्षिता त्यांच्या मागून मुकाट्यानं फिरत होती. वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत तेवढी ती खिडकीपाशी जरा रेंगाळली आणि वडिलांनी हाक मारताच खाली आली.

मुलगी हुशार होती हे तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं, पण तोंडाला जणू कुलूप. नागपूरची सिद्धी, शेवटच्या वर्षाला असलेली आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारी, तिनं तिला विचारलं की संख्याशास्त्राबरोबर दुसरा विषय कुठला घेणार. हर्षिता म्हणाली, "अप्पांना विचारून सांगते." कॉफी घेणार का, तर अप्पांना विचारून सांगते. वरचा पलंग आवडतो की खालचा, तरी तेच. सिद्धीनं श्यामलाक्कांकडे पाहिलं. श्यामलाक्कांनी डोळ्यांनीच तिला गप्प बसवलं.

मुली पानं मांडायला गेल्या तशा श्यामलाक्का हणमंतरावांना अंगणात घेऊन गेल्या आणि त्यांनी सरळच विचारलं की तुमचं अडतंय कुठं. हणमंतरावांनी आधी टेंपोकडे पाहिलं, मग सांगितलं. त्यांच्या भावाचा मुलगा इथंच के. आर. पुरमकडे खोली घेऊन शिकत होता. दर फोनला सगळं सरी, सगळं ठीक म्हणायचा. प्रत्यक्षात पहिल्याच परीक्षेत घसरला होता, लाजेनं कॉलेज सोडून बसला होता, आणि घरी कळलं ते तिसऱ्याच माणसाकडून, बाजारात, चार लोकांच्या देखत.

"नापास झाला त्याचं काय न्हाय, अक्का," हणमंतराव म्हणाले. "आमाला सांगितलं न्हाय, त्याचं लागलं. म्हणून हिला शिकवून ठेवलंय, काय बी असू दे, आदी मला विचारायचं."

श्यामलाक्कांना आता सगळं कळलं. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. वाईट माणसाशी भांडता येतं, घाबरलेल्याशी भांडून उपयोग नसतो.

तेवढ्यात भीमाचार्य आले. हणमंतरावांची खबर त्यांना फाटकातच लागली होती. त्यांनी श्यामलाक्कांना खांबाआड घेतलं आणि हळू आवाजात सुचवलं की आजच्या दिवस मुलींना जरा बेतानं बोलायला सांग. लवकर उठा, देवाला नमस्कार करा, मोठ्यांचं ऐका, असे चार सल्ले दिले तर कुणाचं काय बिघडणार आहे? इतक्या वर्षांनी आपल्यातली एक मुलगी दारात आली आहे, ती सिद्धीच्या जिभेपायी परत जायला नको.

श्यामलाक्का तडक स्वयंपाकघरात गेल्या. खरं सांगायचं तर नियम मोडायच्याच इराद्यानं गेल्या. तिथं पुरणाचा वास भरला होता आणि सिद्धी परातीत पोळ्या रचत ओठांतल्या ओठांत काहीतरी पाठ करत होती. ही तीच मुलगी, जी पहिल्या पंगतीत पानावर टपटप आसवं गाळत बसली होती आणि आता चार जणींना गणित शिकवत होती. श्यामलाक्कांना पाहून तिनं विचारलं, "काय झालं अक्का?"

श्यामलाक्कांनी तोंड उघडलं. मग कोशिंबिरीत बोट बुडवून चाखली, मीठ बरोबर आहे असं सांगितलं आणि बाहेर आल्या. आपल्या मुलींवर त्यांना जन्मभर एवढा अभिमान, आणि आज एका टेंपोकडे पाहून तो गिळायचा? ते काही त्यांना जमेना.

पंगत बसली. नव्या मुली एका रांगेत, शेजारी त्यांचे आईबाप. हर्षिता वडिलांच्या डाव्या हाताला.

मीठ वाढायला आलेल्या मुलीनं सांगितलं की पहिले काही दिवस पुढच्या बाकावर बसा. मागच्या बाकावर मैत्रिणी लवकर होतात हे खरं, पण त्या तुम्हाला मागेच ठेवतात. हणमंतरावांनी मान डोलावली. कोशिंबीरवाली म्हणाली की वर्गात न समजलेलं त्याच दिवशी विचारा, कारण दुसऱ्या दिवशी विचारायची लाज वाटते आणि तिसऱ्या दिवशी काय विचारायचं होतं तेच आठवत नाही. हेही हणमंतरावांना पटलं, त्यांनी कोशिंबीर मागून घेतली. भाजीवालीनं ग्रंथालयाचं सांगितलं, की तिथल्या बाईंशी ओळख करून घ्या, परीक्षेच्या दिवसांत पुस्तक कुणाला मिळतं ते तेव्हा कळेल. पंगतीत हशा पिकला. श्यामलाक्कांचा जीव भांड्यात पडला, आणि तिथं तो फार वेळ काही राहिला नाही.

वरण-भात घेऊन आली कस्तुरी. मूळची पुण्याची, आई-बाबा एचएसआर लेआउटला राहायला आलेले, आणि घर याच शहरात असूनही ही रोजच्या गर्दीतून जाणं-येणं नको म्हणून वसतिगृहात. तिनं भाताची मूद ठेवली, वरण ओतलं आणि म्हणाली की घरी रोज फोन करू नका. रोज केला की सांगण्यासारखं काही नसतं, मग माणूस 'सगळं ठीक आहे' एवढंच म्हणायला शिकतो, आणि जेव्हा ठीक नसतं तेव्हाही तोंडातून तेच बाहेर पडतं.

हणमंतरावांचा हात भातावर थांबला. श्यामलाक्कांनी ते पाहिलं. भीमाचार्यांनीही पाहिलं आणि ते श्यामलाक्कांकडे असे बघू लागले की जणू भात त्यांनीच करपवला होता.

भजी घेऊन आलेली मुलगी तर त्याच्याही पुढची निघाली. तिनं सांगितलं की पहिल्या परीक्षेत कमी गुण पडले तर घाबरायचं नाही, बहुतेकांना पडतात. शाळेत पहिलं येणाऱ्यांना तर हमखास पडतात, कारण इथं सगळ्या पहिल्याच आलेल्या असतात. आयांमध्ये कुजबूज सुरू झाली. हर्षिता मात्र मान वर करून ऐकत होती. सकाळपासून पहिल्यांदाच तिचे डोळे वडिलांकडे नव्हते.

मग आली सिद्धी. हातात पुरणपोळ्यांची परात, तुपाची वाटी आणि चेहऱ्यावर ते हसू, जे पाहिलं की श्यामलाक्का अडसर तपासून यायच्या. पोळी वाढण्याचा मान शेवटच्या वर्षाच्या मुलीचा आणि तिच्या सल्ल्याची नव्या मुली वाट बघत असत.

"पहिल्या महिन्यात एकदा एकटीनं मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर जा," सिद्धी म्हणाली. "मॅप न बघता. रस्ता चुकला तर कुणाला तरी विचारा, कन्नड येत नसेल तर हातवारे करा, पण परत स्वतःच्या स्वतः या. मी गेली होती तेव्हा इतकी हरवली की रडूच आलं. पण रूमवर परत आली ना, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आता मी इथं शिकू शकते."

नव्या मुली खूश झाल्या. हणमंतरावांनी पोळीला हात लावला नाही. त्यांनी पानावरून हात बाजूला घेतला आणि गुडघ्यावर ठेवला. भीमाचार्यांना ठसका लागला, त्यांना पाणी द्यावं लागलं. श्यामलाक्कांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. टेंपो तिथंच होता, ताडपत्रीही तशीच, आणि आता ती सुटणार नाही याची त्यांना खात्री वाटायला लागली. त्यांना फार वाईट वाटलं. तरी सिद्धीवर राग काही येईना, कारण मुलगी खरं बोलली होती.

जुन्या मुली समोर बसल्या. नव्या उठल्या. मठ्ठ्याचे तांबे हातोहात फिरले आणि परतीचं वाढप सुरू झालं.

आधी सगळं गमतीत चाललं. एका मुलीनं कस्तुरीच्या वाटीत मठ्ठा ओतत सांगितलं की तुझा फोनचा सल्ला मी पाळणार नाही, मी आईला रोज फोन करणार, दोनदा करणार. तिच्या आईनं डोळे पुसले आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरीनं सांगितलं की पुढच्या बाकावर काही ती बसणार नाही, तिची उंची बघता मागचे तक्रार करतील. सगळ्या हसल्या. अशा एकेक करत सगळ्यांची पाळी आली आणि शेवटी उरली हर्षिता.

ती तांब्या दोन्ही हातांनी धरून उभी होती. श्यामलाक्कांना वाटलं, आता ही म्हणणार की अप्पांना विचारून सांगते, आणि ते ऐकायचं नसेल तर आपण आताच मठ्ठ्यात कोथिंबीर कमी पडल्याचं निमित्त करून उठावं. पण त्या उठल्या नाहीत.

हर्षिता सिद्धीसमोर गेली आणि तिनं वाटीत मठ्ठा ओतला. आवाज बारीक होता, पण शब्द स्वच्छ होते. ती म्हणाली की सिद्धीअक्काचं मी पाळीन, एकदा हरवून बघीन. सिद्धीनं पुढं वाकून तिचा हात दाबला.

मग ती वळली आणि समोरच्या रांगेत, वडिलांच्या पानापुढं जाऊन बसली.

"आणि पाळणार नाही, तो सल्ला तुमचा आहे, अप्पा."

भीमाचार्यांनी घसा साफ करून सुरुवात केली की परतीच्या वाढपात पंगतीतलाच सल्ला घ्यायचा असतो, बाहेरचा चालत नाही. श्यामलाक्कांनी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. हणमंतरावही पंगतीतच बसले आहेत, असं त्या म्हणाल्या, आणि सल्ला कुणाचा असावा ते सकवारबाईंनी सांगितलेलं नाही. बोलता बोलता त्यांनी पदर खोचला.

हर्षिता वडिलांच्या वाटीत मठ्ठा ओतू लागली.

"तुमी सांगितलंय, काय बी असू दे, आदी विचारायचं. ते मी न्हाय पाळणार, अप्पा. मी आदी ठरवीन, मग तुमाला सांगीन. चुकलं तरी सांगीन. तुमी ओरडणार हे ठाऊक असलं तरी सांगीन." वाटी भरली होती, तिच्या लक्षात आलं नाही, मठ्ठा पानावर सांडत होता. "काकांच्या घरात झालं तसं बाजारात कुणाकडून तुमाला कळू देणार न्हाय. पयला फोन माझाच येईल."

हणमंतरावांनी हात पुढं करून तिचा तांब्या हलकेच सरळ केला. वाटी उचलली आणि सगळा मठ्ठा एका दमात प्याले. तोंड पुसलं. कुणाकडेही न बघता उठले, हात धुतले, चपला घातल्या आणि फाटकाबाहेर गेले.

हर्षिता तिथंच बसून राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण ती रडत नव्हती. नव्या मुलीनं असं बोलावं आणि बोलून झाल्यावर मागे घेऊ नये, याचं श्यामलाक्कांना इतकं कौतुक वाटलं की पोर निघून गेली तरी आज हिच्या नावानं मी दारात रांगोळी घालीन, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. त्या तिच्याजवळ जाऊन खाली बसल्या. पंगतीत त्या कधी कुणाजवळ अशा बसत नसत.

बाहेर टेंपोचं इंजिन सुरू झालं.

भीमाचार्यांनी कपाळाला हात लावला. सिद्धी अर्धवट उठून उभी राहिली. हर्षितानं डोळे मिटले. "मला घेऊन चाललेत," ती म्हणाली, आणि पिशवी घ्यायला उठू लागली.

श्यामलाक्कांनी तिला हाताला धरून बसवलं, कारण त्यांना वेगळंच काहीतरी ऐकू आलं होतं. टेंपो मागं घेताना वाजणारी पिपाणी. ती दूर जात नव्हती, जवळ येत होती. कडुलिंबाखालून निघून हळूहळू, अंगणाच्या दिशेनं. त्या लगबगीनं दारात गेल्या तेव्हा हणमंतराव टेंपो मागं घेत थेट पायरीला भिडवत होते, आणि राखणदार दोन्ही हात हलवून त्यांना रस्ता दाखवत होता. मग त्यांनी उतरून ताडपत्री सोडली. लोखंडी ट्रंक खांद्यावर घेतली. राखणदार मदतीला धावला, त्याला मानेनंच बेडा, नको म्हणाले.

ट्रंक खांद्यावर घेऊन ते दारात आले. श्यामलाक्का बाजूला झाल्या आणि सवयीनं तळमजल्यावरच्या त्या खोलीकडे हात दाखवू लागल्या. हणमंतराव त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते मुलीकडे बघत होते.

"कुठं ठिवू?" त्यांनी विचारलं. "सांग."

हर्षितानं एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा श्यामलाक्कांकडे. सकाळपासून ज्या मुलीला कॉफी हवी की नको हे सांगता येत नव्हतं, तिला उत्तर द्यायला आता वेळ लागला नाही.

"वर. कोपऱ्यातल्या खोलीत, खिडकीपाशी. तिथून रस्ता दिसतो."

ती खोली श्यामलाक्कांनी दुसऱ्या मुलीला कबूल केली होती. गेली कित्येक वर्षं त्या वसतिगृहात त्यांना न विचारता कुणी उशीसुद्धा हलवली नव्हती. त्यांनी पुढं केलेला हात खाली घेतला, आणि त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुसऱ्या मुलीची समजूत त्या काढणार होत्या. ते त्यांना जमत होतं.

हणमंतराव जिना चढू लागले. जिना अरुंद, ट्रंक जड, आणि उतारवयाचा माणूस, त्यामुळे मधल्या वळणावर ते दम घ्यायला थांबले. भीमाचार्य खालून काळजीनं म्हणाले की अहो, खोली तर तळमजल्यावर ठरली होती ना, वर कुणी सांगितलं?

हणमंतरावांनी खांदा बदलला. त्यांचा आवाज खाली पंगतीपर्यंत, पुण्याच्या, नागपूरच्या, मुंबईच्या सगळ्या मुलींपर्यंत आणि स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या बायकांपर्यंत पोचला.

"माझ्या मुलीनं ठरवलंय," ते म्हणाले, आणि पुढची पायरी चढले.